लिहून झालेली पण न छापलेली कादंबरी : तिचं पुढे काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेली चौदा-पंधरा वर्षं प्रूफं तपासते, त्यातलं निम्मं काम कादंबऱ्यांचं. त्यामुळे ओळखीतून, ओळखीच्यांच्या ओळखीतून फोन येतात, रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर मेसेज येतात, आणि फिरून फिरून प्रश्न तेच असतात. ते इथे एकत्र केलेत. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तर तिथे नंबर दिलाय, तेवढं बघून घ्या.

१. काल रात्री कादंबरी संपवली. आता लगेच काय करू?

आज काहीच करू नका. फाइलच्या तीन कॉपी करा, एक पेनड्राइव्हवर, एक गूगल ड्राइव्हवर, एक स्वतःलाच ई-मेल करून. हाताने लिहिली असेल तर आधी प्रत्येक पानाला नंबर घाला, मग स्कॅन करा. आणि मग दीड-दोन महिने तिच्याकडे बघू नका.

त्यानंतर प्रिंट काढा. झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल करून घ्या, पेन्सिल घ्या आणि मोठ्याने वाचा. स्क्रीनवर डोळा पुढे पळतो, मोठ्याने वाचताना जीभ अडते, आणि जिथे जीभ अडली तिथे बहुतेक वेळा वाक्यात काहीतरी बिनसलेलं असतं. माझ्याकडे एक बाड आलं होतं त्यात सासूबाई चौथ्या प्रकरणात वारतात आणि अकराव्या प्रकरणात देवळातून परत येऊन चहा मागतात. लेखकाने सात वेळा वाचलं होतं म्हणे, पण सातही वेळा लॅपटॉपवर.

२. पूर्ण झाली हे ओळखायचं कसं? मी दोन वर्षं नुसती दुरुस्त्याच करतोय.

दुरुस्त्या कसल्या आहेत ते बघा. प्रसंग हलवताय, माणसं काढताय-घालताय तर अजून झालेली नाही. नुसते शब्द बदलताय, आणि गेल्या खेपेला बदललेला शब्द या खेपेला परत जुना करताय, तर झाली.

एक गोष्ट मात्र तपासाच. प्रत्येक प्रकरण किती पानांचं झालं ते कागदावर लिहून काढा. नवीन लेखकांच्या बाडात सुरुवातीची प्रकरणं पंचवीस-तीस पानांची असतात आणि शेवटची तीन सात-आठ पानांची, कारण तोवर माणूस दमलेला असतो आणि कधी एकदा संपते असं झालेलं असतं. वाचणाऱ्याला ती घाई लगेच कळते. तसं असेल तर शेवट परत लिहा.

३. आधी कोणाला वाचायला द्यावी? घरच्यांना देऊ का?

द्या, पण त्यांच्या 'छान आहे'वर थांबू नका, ते प्रेमाने म्हणतात. तीन वाचक शोधा. एक, जो लायब्ररीतून आठवड्याला दोन पुस्तकं आणतो आणि स्वतः लिहीत नाही. दुसरा, कादंबरीत जो धंदा किंवा जो प्रदेश आहे तिथला, म्हणजे ऊसतोडीवर लिहिलं असेल तर कोयता हातात धरलेला माणूस. तिसरा, तुम्हाला न ओळखणारा.

आणि 'कशी वाटली' असं विचारू नका. पेन्सिल द्या आणि सांगा की जिथे पुस्तक खाली ठेवलंत, मग ते झोप आली म्हणून असो, कंटाळा आला म्हणून असो नाहीतर कुकरची शिट्टी झाली म्हणून असो, तिथे समासात एक रेघ मारा. तिघांच्या रेघा एकाच पानाच्या आसपास आल्या की दुसऱ्या कुठल्या अभिप्रायाची गरजच राहत नाही.

मराठीत हे काम एकेकाळी संपादक करायचे, मौज प्रकाशनात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकाबरोबर एकेका मजकुरावर बसायचे, त्याला संस्करण म्हणायचे. आज तेवढा वेळ देणारी जागा क्वचित मिळते, म्हणून ते आपल्यालाच आपल्या माणसांकडून करून घ्यावं लागतं.

४. किती शब्दांची असली म्हणजे कादंबरी?

ठरलेला आकडा नाही. डेमी साइजच्या, म्हणजे कादंबरीच्या नेहमीच्या आकाराच्या पानावर साधारण अडीचशे ते तीनशे शब्द बसतात, म्हणजे ६०,००० शब्दांचं पुस्तक २०० ते २४० पानांचं होतं. छपाई फर्म्यावर मोजतात, फर्मा १६ पानांचा, म्हणजे तेरा ते पंधरा फर्मे. पहिल्या कादंबरीला हा आकार सगळ्यात सोयीचा. सव्वा लाख शब्दांची असेल तर प्रकाशक आधी कागदाचा खर्च बघतो. पण तेवढ्यासाठी कापू नका, कापायची तर रेघांवरून कापा (प्रश्न ३).

५. माझी फाइल श्रीलिपीत आहे, प्रकाशकाला युनिकोड हवंय. कन्व्हर्टरने केलं तर चालतं ना?

चालतं, पण नंतर एकेक ओळ वाचावी लागते. श्रीलिपी म्हणजे जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट, युनिकोड म्हणजे आता सगळ्या कॉम्प्युटरांवर आणि मोबाइलवर चालणारी पद्धत. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये येताना जोडाक्षरं तुटतात. माझ्या अनुभवात सगळ्यात आधी बिघडतो तो 'ऱ्या'तला अर्धा र, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं आणि सगळ्या पुस्तकभर होतं. मग 'ॲ' आणि 'ऑ', मग 'ष्ट्र', मग अवतरणचिन्हं. आधी 'र्या' शोधा आणि एकेक बघत दुरुस्त करा, सरसकट बदलू नका कारण 'सूर्या', 'आर्या', 'भार्या' बरोबर असतात. जुनी श्रीलिपीची मूळ फाइल उडवू नका, शंका आली की तीच पुरावा.

६. प्रकाशक कसा निवडायचा आणि नेमकं पाठवायचं काय?

तुमच्या कादंबरीच्या जातकुळीच्या पाच-सहा कादंबऱ्या आठवा, गेल्या पाच-सात वर्षांतल्या, आणि त्या कुणी काढल्या ते आतल्या पानावर बघा. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा तुमच्या गावच्या ग्रंथप्रदर्शनात दोन तास उभं राहून पुस्तकं चाळलीत तरी अंदाज येतो. मौज, पॉप्युलर, राजहंस, मेहता, रोहन, साकेत, शब्द, लोकवाङ्मय ही सगळी घरं मराठीच, पण प्रत्येकाची निवड वेगळी. आपलं पुस्तक कुणाच्या यादीत शोभेल हे आपणच ओळखायचं असतं.

पाठवताना आधी फोन किंवा मेल करून विचारा की सध्या कादंबऱ्या वाचायला घेताय का. हो म्हणाले तर एका पानाचं पत्र, दोन पानांचा गोषवारा, त्यात शेवटसुद्धा सांगायचा, गोषवाऱ्यात उत्सुकता ताणून ठेवायची नसते, आणि पहिली तीन प्रकरणं किंवा ते म्हणतील तेवढं. पत्रात 'आजवर मराठीत असं काही आलेलं नाही' हे लिहू नका. कादंबरी कुठे घडते, कोणाची आहे, किती शब्दांची आहे, तुम्ही कोण, संपलं.

७. एकाच वेळी चार जणांना पाठवलं तर? आणि उत्तर आलंच नाही तर किती थांबायचं?

पाठवा, फक्त पत्रात तसं लिहा. लपवून पाठवलं आणि दोघांनी हो म्हटलं तर एकाशी कायमचं वाकडं येतं, आणि आपलं प्रकाशनाचं जग फार लहान आहे.

तीन महिन्यांनी एक आठवण, सहा महिन्यांनी दुसरी, त्यानंतर नकार समजून पुढे. पूर्वी निदान 'साभार परत'ची चिठ्ठी यायची, आता बहुतेक वेळा शांतता येते आणि ती जास्त लागते. पण पाठवल्याची तारीख वहीत मांडून ठेवा. मी बघते की लोकांची वर्षं नकारामुळे वाया जात नाहीत, 'बघू, येईल उत्तर' यात जातात. एका काकांनी एकाच ठिकाणी चार वर्षं वाट बघितली आणि शेवटी कळलं की बाड उघडलंच गेलं नव्हतं.

८. प्रकाशक म्हणतो कादंबरी आवडली पण खर्च तुम्ही करा. करू का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर.

आधी गणित समजून घ्या. समजा पुस्तकाची किंमत ३०० रुपये. वितरक आणि दुकानदार मिळून ४० टक्के गेले तर १२० गेले, राहिले १८०. त्यात कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ, अक्षरजुळणी, प्रूफं, गोडाऊन आणि लेखकाची रॉयल्टी, १० टक्के धरली तर ३० रुपये. पूर्वी पहिली आवृत्ती हजाराची असायची, आता पाचशे, तीनशे अशीही निघते. पाचशेच्या पाचशे प्रती खपल्या तरी लेखकाला १५,००० रुपये, तेही दोन-तीन वर्षांत. प्रकाशकालाही नवीन नावावर पैसे लावताना विचार करावा लागतो हे खरंय, तो काही राक्षस नाही.

पण पैसे तुमचे असतील तर मग तो व्यवहार वेगळा आहे आणि तो तसाच बोलला गेला पाहिजे. प्रती कोणाच्या मालकीच्या? किती तुमच्या घरी येणार, किती त्यांच्याकडे? विकलेल्या प्रतींचा हिशेब कधी आणि कशावर मिळणार? पुस्तक कुठल्या दुकानांत दिसणार, नावं सांगा. प्रूफं कोण वाचणार? याची उत्तरं लेखी मिळाली तर करा, ज्याला परवडतं त्याने करावं, त्यात कमीपणा काही नाही. 'आपण घरचेच आहोत, कागद कशाला' असं उत्तर आलं तर निघा.

मी स्वतः २०११ मध्ये माझी पहिली कादंबरी छापायला अशाच घरच्यासारख्या माणसाला ४२ हजार दिले होते. पाचशे प्रतींचे खोके टेम्पोतून आमच्या दारात आले आणि चारशे तिथेच राहिले, दिवाणाखाली. पावसाळ्यात कसर लागली. पान १२७ दोनदा छापलं होतं आणि १२८ नव्हतंच.

९. करार आलाय, सही करायच्या आधी काय वाचू?

सगळाच वाचा, पण चार जागा नीट. कॉपीराइट कायद्याचं, म्हणजे १९५७ च्या, १९ वं कलम इथे तुमच्या बाजूचं आहे. हक्क देणं लेखीच हवं आणि सहीचं हवं. कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी आणि किती रॉयल्टी हे त्यात लिहिलेलं हवं. मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि प्रकाशकाने हक्क घेऊन वर्षभरात वापरलेच नाहीत तर ते संपतात, अर्थात करारात वेगळं काही लिहिलं नसेल तरच, म्हणून ते 'वेगळं' शोधा.

'सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी' हे वाक्य दिसलं की थांबा. छापील पुस्तकाचे हक्क द्या, ई-बुक हवं तर द्या, पण ऑडिओ, भाषांतर, नाटक, सिनेमा-वेबसिरीज हे वेगळे काढून स्वतःकडे ठेवा किंवा प्रत्येकाचा वाटा लिहून घ्या. आज तुम्हाला वाटतं माझ्या कादंबरीवर कोण सिनेमा काढणार, पण ऑडिओबुकला मराठीत खरंच मागणी आहे.

१०. कुणाला वाचायला दिली आणि त्याने चोरली तर? आधी कॉपीराइट काढायला हवा का?

कॉपीराइट काढावा लागत नाही, तुम्ही लिहिलंत त्या क्षणापासून तो तुमचाच, आणि तुमच्यानंतर ६० वर्षं वारसांचा. रजिस्ट्रेशन ऐच्छिक आहे, साहित्यकृतीला ५०० रुपये फी, अप्रकाशित कादंबरीलाही करता येतं, आणि उद्या कोर्टात गेलात तर ते प्रथमदर्शनी पुरावा म्हणून धरतात. मनाला स्वस्थता मिळत असेल तर करा. स्वतःलाच पोस्टाने पाकीट पाठवून न फोडता ठेवायची जुनी पद्धत आहे तिच्यावर फार भिस्त ठेवू नका, त्यापेक्षा तारखेसकट ई-मेल बरा.

कल्पनेला मात्र कॉपीराइट नसतो. धरणात गाव बुडालं आणि शाळामास्तर मागे राहिला, ही कल्पना दहा जण लिहू शकतात. तुमची वाक्यं, तुमची मांडणी, ती तुमची. आणि मनापासून सांगते, इतक्या वर्षांत माझ्या बघण्यात चोरीला गेलेलं एकही बाड नाही, भीतीने कुणालाच न दाखवलेली मात्र कितीतरी आहेत.

११. सरकारचं काही अनुदान आहे का?

आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना, ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही त्यांच्यासाठी, आणि कादंबरी त्यात बसते. अर्ज मागवतात तेव्हा मंडळाच्या वेबसाइटवर आणि पेपरात जाहिरात येते, नियम त्या वर्षीच्या पत्रकात वाचायचे, मागच्या वर्षीच्या ओळखीच्याने सांगितलेले नाही. वेळ लागतो, हे धरून चला.

यात एक मेख आहे. ही योजना पहिल्या पुस्तकालाच. घाईने एखादा कवितासंग्रह स्वतःच्या पैशाने काढून बसलात तर कादंबरीची ती वाट बंद. राज्य वाङ्मय पुरस्कारांतही तसंच, प्रथम प्रकाशनाचा वेगळा विभाग असतो, कादंबरीचा श्री. ना. पेंडसे यांच्या नावाने, आणि तो छापून आलेल्या पुस्तकालाच.

१२. दिवाळी अंकात देता येईल का?

कादंबरिका असेल तर नक्की बघा. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे ही एक हक्काची जागा आहे, आणि पंधरा-वीस हजार शब्दांचं लेखन घेणारे अंक आजही आहेत. मोठी कादंबरी असेल तर त्यातला स्वतंत्र उभा राहील असा एखादा भाग द्या. जून-जुलैपर्यंत पाठवायला हवं, गणपतीत पाठवून उपयोग नाही, तोवर पानं लागलेली असतात. अंकात आली म्हणून पुस्तकाचे हक्क जात नाहीत, फक्त तसं मेलवर लिहून घ्या.

१३. प्रतिलिपीवर किंवा किंडलवर टाकली तर नंतर प्रकाशक घेणार नाही का?

काही घेतात, काही नाही. लपवू मात्र नका.

प्रतिलिपी म्हणजे कुणालाही लिहिता-वाचता येतं असं ॲप, त्यावर हप्त्याहप्त्याने टाकणं यात मला वावगं काही दिसत नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यात अशीच हप्त्यांनी आली. वाचक पुढच्या भागाची वाट बघतोय हे कळलं की लिहिणाऱ्यालाही बळ येतं. पण तुमची कादंबरी संथ असेल, शंभर पानांनंतर उलगडणारी असेल, तर रोजच्या हप्त्यात ती मार खाते, आणि मग लोक निराश होऊन चांगल्या बाडाची मोडतोड करतात.

किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-बुक दुकानात, मराठी ई-बुक स्वतः टाकता येतं, पैसे पडत नाहीत. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी तर ॲमेझॉनच्याच केडीपी सिलेक्ट या योजनेत नाव घालावं लागतं आणि मग ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेच ठेवता येत नाही, नाहीतर ३५ टक्के. पैसे नकोच असतील, नुसतं वाचलं जावं एवढंच असेल, तर ई साहित्य प्रतिष्ठान मराठी पुस्तकं मोफत ई-बुक करून वाटतं. परदेशातले मराठी वाचक अशा वाटेने बरेच भेटतात, कारण छापील पुस्तक तिकडे मागवायचं तर टपालखर्च पुस्तकापेक्षा जास्त होतो.

१४. मी स्वतःच छापणार आहे. काय विसरायला होतं?

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-नंबर. भारतात तो फुकट मिळतो, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून, ऑनलाइन अर्ज करून. कुणी तुमच्याकडून 'आयएसबीएन चार्जेस' घेत असेल तर ते त्याच्या श्रमाचे आहेत, नंबरचे नाहीत.

दुसरं, डिलिव्हरी ऑफ बुक्स या १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या नॅशनल लायब्ररीला, आणि शिवाय चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ठरवून दिलेल्या लायब्रऱ्यांना ३० दिवसांत स्वखर्चाने पाठवायची असते. तुम्ही छापलंत म्हणजे प्रकाशक तुम्हीच. मला हे बंधन वाटत नाही. आपलं पुस्तक कोलकात्याच्या कपाटात शंभर वर्षं राहणार आहे, किती छान.

तिसरं, प्रती कमी काढा. आता डिजिटल छपाईत शंभर-दोनशेही निघतात, लागल्या तर पुन्हा काढता येतात (माझ्या दिवाणाखालचं प्रश्न ८ मध्ये वाचलंच असेल). आणि प्रूफं स्वतःची स्वतः वाचू नका, आपला डोळा जे लिहायचं होतं तेच वाचतो.

१५. कादंबरीत कवितांच्या, सिनेमाच्या गाण्यांच्या ओळी आहेत. परवानगी लागते?

ज्ञानोबा-तुकारामांना लागत नाही. बाकी कवी जाऊन ६० वर्षं झाली का ते बघा, मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून होते. केशवसुत, बालकवी मोकळे. मर्ढेकर १९५६ ला गेले, म्हणजे २०१६ अखेरपर्यंत हक्क होते, आता मोकळे. कुसुमाग्रज १९९९ ला गेले, म्हणजे २०५९ पर्यंत परवानगी हवी. गदिमा १९७७, म्हणजे २०३७. सिनेगीतांचे हक्क बऱ्याचदा कंपन्यांकडे असतात आणि परवानगी मिळवणं जिकिरीचं, त्यापेक्षा 'रेडिओवर आशाचं गाणं लागलं होतं' एवढं लिहिलंत तर वाचकाच्या मनात ते आपोआप वाजतं.

१६. गावातल्या खऱ्या माणसांवरून लिहिलंय. छापली तर भानगड होईल का?

होऊ शकते, आणि इथे सुरुवातीला एक टीप टाकून भागत नाही. 'सर्व पात्रे काल्पनिक' लिहिलं तरी गावाने माणूस ओळखला आणि त्याच्यावर खोटा आणि बदनामीचा आरोप असेल तर बदनामीचा दावा होऊ शकतो, आता ते भारतीय न्याय संहितेचं ३५६ वं कलम. माणूस हयात नसला तरी, घरच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने लिहिलं असं ठरलं तर तेही त्यात येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. शंका असेल तर वकिलाला ती प्रकरणं वाचायला द्या, तेवढा खर्च करा.

नाव बदलणं पुरत नाही. धंदा बदला, घराची दिशा बदला, भावंडांची संख्या बदला, दोन माणसांचा एक करा. बऱ्याचदा त्याने पात्र सुधारतं, कारण तुम्ही आठवण उतरवायचं थांबवता आणि माणूस उभा करायला लागता. आणि कायद्याच्या पलीकडचं म्हणजे, ज्या चुलतीच्या घरी तुम्ही आंबे खाल्ले तिची अब्रू चार पानांसाठी जाणार असेल तर ती पानं ठेवायची का याचं उत्तर वकील देणार नाही.

१७. मग टोपणनावाने छापू का?

छापा की. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' विभावरी शिरूरकर या नावाने आलं, केवढं वादळ उठलं, आणि लिहिणारी बाई मालतीबाई बेडेकर होत्या. करार खऱ्या नावानेच करायचा, पुस्तकावर टोपणनाव. खरं नाव शेवटपर्यंत उघड केलं नाही तर कॉपीराइट प्रकाशनापासून ६० वर्षं मोजतात, उघड केलं तर प्रश्न १० सारखंच. बदनामीपासून मात्र टोपणनाव वाचवत नाही.

१८. सरकारी नोकरीत आहे, परवानगी काढावी लागेल?

केंद्राच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत अधूनमधून केलेल्या निव्वळ साहित्यिक लेखनाला आधी मंजुरी लागत नाही. राज्याचे १९७९ चे स्वतःचे नियम आहेत, तेही काढून वाचा. कादंबरी तुमच्याच खात्यातल्या कारभारावर असेल किंवा आतली कागदपत्रं वापरली असतील तर मात्र विषय वेगळा. काही असो, आस्थापनेला एक लेखी पत्र देऊन पोच घेतलीत तर पुढे झोप नीट लागते.

१९. बाबा गेल्यावर कपाटात त्यांची पूर्ण कादंबरी सापडली. छापायचा हक्क कोणाचा?

मृत्युपत्र नसेल तर सगळ्या वारसांचा मिळून. बहिणीची, आईची सही घ्या, 'ती काय नाही म्हणणार' असं धरू नका. मृत्युपत्र असेल आणि त्यात हस्तलिखित कुणाच्या नावाने ठेवलं असेल, तर कायद्याने अप्रकाशित लेखनाचा कॉपीराइटही त्या माणसाकडेच जातो, वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. आणि मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या लेखनाचा हक्क छापल्या वर्षापुढे ६० वर्षं चालतो, म्हणजे तुमच्या हातात पुरेसा वेळ आहे.

करायचं कसं, तर आधी मूळ वही जशीच्या तशी स्कॅन करा. मग टाइप करा, आणि बाबांची भाषा सुधारू नका. शुद्धलेखन आजच्या नियमाने करा, पण त्यांनी 'न्याहारी' लिहिलं असेल तर त्याचा 'नाश्ता' करू नका. त्यांनी खोडलेलं आणि वर लिहिलेलं यातलं वरचं घ्या. वहीत शेवट दोन असतील तर दोन्ही छापा आणि तसं सांगा. बाजारात काढायची नसेल तर प्रश्न १४ प्रमाणे शंभर प्रती काढून पहिल्या वर्षश्राद्धाला नातेवाइकांना दिल्या, असं मी दोन घरांत बघितलंय, आणि दोन्ही घरांत लोकांनी ती खरंच वाचली.

२०. दहा वर्षांपूर्वी लिहिलेली आज वाचली तर लाज वाटते. दुरुस्त करू की नवीन लिहू?

लाज भाषेची वाटतेय की माणसांची? भाषेची असेल तर दुरुस्त होते, सहा महिन्यांचं काम आहे. त्यातली माणसं खोटी वाटत असतील तर नवीन लिहा. जुनीतला एखादा संवाद, एखादी दुपार जिवंत असते, ती उचलून घ्या.

२१. छापायचीच नाही असं ठरवलं तर? जाळून टाकू का?

जाळू नका. न छापायचं ठरवणं हा पूर्ण निर्णय आहे, त्यात हार नाही, लिहिलंत तेव्हा जे तुम्हाला मिळालं ते मिळालंच. फक्त तो ठरवून घ्या, तारीख टाकून. एक चांगली प्रिंट काढा, जाड पाकिटात घाला, वर लिहा : नाव, संपवल्याची तारीख, आणि माझ्यामागे छापायची की नाही. हेच मृत्युपत्रातही एका ओळीत लिहा, कारण पाकिटावरचं लिहिणं कुणी मानेलच असं नाही. काफ्का या लेखकाने मित्राला, मॅक्स ब्रॉडला, आपलं सगळं लिखाण जाळायला सांगितलं होतं. काफ्का १९२४ ला गेला आणि १९२५ ला ब्रॉडने त्याची 'द ट्रायल' ही कादंबरी छापली. जगाचं भलं झालं, पण काफ्काचं ऐकलं नाही.

२२. तुम्ही तुमच्या कादंबरीचं काय केलंत?

पहिलीचं वर सांगितलं. दिवाणाखालचे खोके शेवटी आम्ही उघडले, चांगल्या निघालेल्या १८० प्रतींत पान १२८ ची झेरॉक्स हाताने चिकटवली आणि तालुक्यांच्या वाचनालयांना पोस्टाने पाठवल्या. अकरा पोचपावत्या आल्या, एका ग्रंथपालांनी लिहिलं होतं की पुस्तक तीन वेळा बाहेर गेलं.

दुसरी लिहून झाली २०१९ ला. ती माझ्या मावशीवर आहे, नाव-गाव बदललेलं, पण ती आहेच. दोन प्रकाशकांना पाठवली, एकाने हो म्हटलं, आणि करारावर सही करायच्या आधी मी ती घेऊन मावशीकडे सांगलीला गेले. चार दुपारी वाचून दाखवली. ती लसूण सोलत ऐकत होती, मध्ये काही बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, 'बाकी असू दे गं, पण मी त्या दिवशी रडले नव्हते. ते काढ.' मी काढलं. मग म्हणाली, 'मी आहे तोवर नको छापू, माझ्या सुनेला त्रास होईल.'

प्रकाशकांना तसं कळवलं, त्यांनी समजून घेतलं. बाड पाकिटात आहे, वर तारीख आहे, आणि मावशी आता ब्याऐंशीची आहे, परवाच फोनवर विचारत होती की ते रडायचं काढलंस ना नक्की.